मदतीचा सहगुणक ऋण आला, आता काय लिहू?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुलाही तपासता येईल. एम.ए.च्या प्रबंधासाठी तू पन्नासेक विकसनशील देशांची तीस वर्षांची आकडेवारी जमवलीस. एकीकडे दरडोई जीडीपी वाढीचा दर, दुसरीकडे जीडीपीच्या टक्केवारीत मिळालेली परदेशी मदत आणि लोकशाहीचा निर्देशांक. रिग्रेशन (एक आकडा दुसऱ्यासोबत कसा हलतो ते मोजायची संख्याशास्त्रीय पद्धत) चालवलं तर मदतीचा सहगुणक, म्हणजे मदत एकाने वाढली की वाढीचा दर किती हलतो तो आकडा, ऋण आला आणि लोकशाहीचा जवळपास शून्य. मार्गदर्शक म्हणतात, "मदतीने वाढ खुंटते, लोकशाहीचा वाढीशी संबंध नाही, असं लिहून मोकळी हो." तुझं मन घेत नाही, पण का घेत नाही ते सांगता येत नाही.

मन घेत नाही ते बरोबरच आहे. मी सत्तावीस वर्षं परदेशी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांचं मूल्यमापन केलं, निम्मी महाराष्ट्रात आणि निम्मी आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागात. त्याच पैशावर माझंही घर चाललं, कोथरूडचा फ्लॅटही त्यातूनच झाला, तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं धरून चालू नकोस. पण दोन्ही बाजूंच्या थापा जवळून पाहिल्या आहेत.

आधी ऋण चिन्हाचं बघू. पुरंदर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये कुठल्या गावाला किती टँकर जातात त्याची यादी कर आणि शेजारी त्या गावच्या विहिरींची पाणीपातळी लिही. जितके टँकर जास्त तितकं पाणी खोल, असंच दिसेल. म्हणून टँकरमुळे विहिरी आटतात असं लिहिशील का? परदेशी मदतीचा बराच भाग असाच येतो, दुष्काळ पडला की, युद्ध झालं की, परकीय चलनाचा खडखडाट झाला की. त्या वर्षी वाढ आधीच घसरलेली असते.

त्यात तुझ्या व्हेरिएबलमध्ये आणखी एक मेख आहे. मदत तू जीडीपीच्या टक्केवारीत घेतलीस. समज, एका देशाला दरवर्षी शंभर कोटीच मिळतात, ना कमी ना जास्त. ज्या वर्षी जीडीपी घसरला त्या वर्षी छेद लहान झाला आणि टक्केवारी आपोआप वर गेली. कुणी एक पैसा जास्त दिलेला नाही, तरी तुझ्या तक्त्यात "मदत वाढली, वाढ घटली" ही जोडी तयार! निदान मागच्या काळातली मदत घे, पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या घे, आणि कबूल केलेली रक्कम न घेता प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम घे. या शेवटच्या फरकाकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात. आपल्या मुळा-मुठेचंच बघ. नदीत जाणारं मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या सवलतीच्या कर्जाचा करार २०१६च्या सुरुवातीला झाला. मूळ प्रकल्प सुमारे ९९० कोटींचा, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचा. पुढची काही वर्षं निविदांच्या फेऱ्यांतच गेली. आता सगळी रक्कम २०१६च्या रकान्यात टाकून २०१७ला वाढ का झाली नाही म्हणून विचारायचं, याला काय अर्थ?

पण सगळीच मदत गरज बघून येत नाही, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत दहा जागा दोन-दोन वर्षांसाठी फिरत्या असतात. कुझिएम्को आणि वर्कर यांनी २००६ साली दाखवलं की अशी जागा मिळालेल्या विकसनशील देशाला त्या काळात अमेरिकेची मदत ५९ टक्क्यांनी वाढते आणि मुदत संपली की पुन्हा उतरते. त्या दोन वर्षांत देशाची गरज बदललेली नसते, त्याच्या मताचा भाव वधारलेला असतो. अशा गरजेशी संबंध नसलेल्या चढउतारांवरच कार्यकारणाचा शोध घेता येतो. तुझ्या साध्या रिग्रेशनमध्ये ती सोय नाही.

या विषयातल्या भांडणाचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तोंडी परीक्षेत हे विचारतीलच. साठच्या दशकात समजूत अशी की गरीब देशाकडे बचत कमी आणि परकीय चलन कमी, तेव्हा ही दोन भगदाडं बुजवली की गाडी धावेल. गाडी सगळीकडे धावली नाही. २००० साली बर्नसाइड आणि डॉलर यांनी (हो, आडनावच डॉलर आहे) मांडलं की धोरणं चांगली असतील तिथे मदत लागू पडते. जागतिक बँकेला हे फारच आवडलं. २००४ साली ईस्टर्ली, लेव्हाइन आणि रूडमन यांनी तीच पद्धत घेतली, फक्त आकडेवारी १९९३ऐवजी १९९७पर्यंत नेली आणि गाळलेले देश भरले, तर निष्कर्षच विरघळला. २००८ साली रघुराम राजन आणि अरविंद सुब्रमण्यन यांना मदतीचा वाढीवर भरवशाचा असा कुठलाच परिणाम सापडला नाही, ना धन ना ऋण. मग २०१२ साली क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी आधीचेच नावाजलेले अभ्यास पुन्हा चालवले. मदतीला परिणाम दाखवायला वेळ दिला आणि ज्या मदतीकडून लवकर वाढीची अपेक्षाच नाही ती बाजूला काढली, तर छोटा का होईना, धन परिणाम दिसू लागला. २०१७ साली गालिआनी आणि सहकाऱ्यांनी आणखी हुशारीची वाट काढली. जागतिक बँकेच्या सवलतीच्या कर्जासाठी दरडोई उत्पन्नाची एक रेषा असते. ती ओलांडली की मदत आटायला लागते, देश तसा रातोरात बदललेला नसला तरी. अशी रेषा ओलांडणारे ३५ देश त्यांनी तपासले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का जास्त मदतीमागे वाढीचा दर साधारण ०.३५ टक्क्याने जास्त, असा त्यांचा अंदाज.

हे सगळं वाचून, आणि प्रकल्पांच्या धुळीत फिरून, माझं मत असं झालंय: परिणाम धन आहे, लहान आहे, उशिरा येतो, आणि देशागणिक इतका वेगळा येतो की नुसत्या सरासरीवर मी पैज लावणार नाही.

उशिरा म्हणजे किती उशिरा? डॉ. आंबेडकर रोडवरून जातेस ना, तिथे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ती सुरू केली. (हा सरकारी मदतीचा नव्हे, खासगी दानाचा पैसा. तुझ्या व्हेरिएबलमध्ये तो धरलेलाच नाही, हेही लक्षात घे.) पाच वर्षांत त्यांनी कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलातला नवा विषाणू शोधून काढला. आणि २०२० साली कोरोनाचा विषाणू वेगळा करून त्याचा वाण लस बनवायला दिला तोही याच संस्थेने. अडुसष्ट वर्षांचा हा लॅग कुठल्या मॉडेलमध्ये बसवशील?

आता भारताकडे येऊ, कारण भारत तुझ्या पन्नास देशांत आहे आणि तिथे तो केवळ एक बिंदू आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं एकूण रकमेत भारत जगातल्या सर्वांत मोठ्या मदत घेणाऱ्यांपैकी एक होता, पण देशाच्या आकाराच्या मानाने ती मदत उत्पन्नाच्या मोजक्या टक्क्यांपलीकडे कधी गेली नाही. पी.एल. ४८० (अमेरिकेचं धान्य रुपयांत विकत देण्याची सोय करणारा त्यांचा कायदा) हे नाव तू पुस्तकात वाचलं असशील. माझ्या वयाच्या पुणेकराला ते गाजर गवतामुळे माहीत. मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, पर्वतीच्या पायथ्याशी सगळीकडे ते गवत, हात लागला की खाज. मोठी माणसं ठामपणे सांगायची, "अमेरिकेच्या गव्हातून आलंय हे."

पुढे मी तारखा तपासल्या. या गवताची पुण्यातली शास्त्रीय नोंद १९५६ साली छापली गेली. भारताचा पी.एल. ४८०चा पहिला करार १९५६च्या ऑगस्टमधला. म्हणजे त्या कराराचा गहू बंदरात उतरायच्या आधीच गवत इथे हजर. पण थांब, १९५१ सालीही अमेरिकेने २० लाख टन धान्यासाठी कर्ज दिलं होतं, बी त्यातून आलं असेल तर? आरोप सिद्धही होत नाही आणि फेटाळताही येत नाही. तुझ्या प्रबंधातल्या प्रत्येक "आधी-नंतर"ची गत साधारण अशीच आहे.

त्या गव्हाचा व्यवहार मात्र समजून घेण्यासारखा होता. भारत त्याचे पैसे रुपयांत देई, आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत. साठता साठता एवढे झाले की १९७४च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राजदूताने भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन हिशेब हलका केला. गव्हासोबत दबावही येई. १९६५-६६च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन जहाजं महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडत होते. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६वरून ७.५०वर गेला. जागतिक बँकेने आणि देणाऱ्या देशांनी त्याची अट घातली होती, पण त्याबदल्यात अपेक्षित असलेली मोठी मदत त्या प्रमाणात काही आली नाही. त्याच वर्षी मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आलं. १९६४-६५ला सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेलं गव्हाचं पीक १९७०-७१ला २.४ कोटी टनांजवळ पोचलं. धान्याच्या मदतीने शेतीकडे दुर्लक्ष झालं असं म्हणणारे बरोबर, आणि बियाणं-खत-संशोधनाच्या मदतीने शेती उभी राहिली म्हणणारेही बरोबर. दोन्ही मदतच. तुझ्या तक्त्यात मात्र दोन्ही एकाच रकान्यात डॉलर म्हणून बसली आहेत.

यानंतर १९७२. खरं तर तुझा सगळा प्रश्न मला या एका वर्षात दिसतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

बहात्तरच्या दुष्काळाचं घरोघरी दोन शब्दांत स्मरण निघतं, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, भाकरी धड न होणारी. "जनावरांचं खाणं आम्हाला दिलं" असं माझी आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली. सुकडी म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, तो दुष्काळी कामांवर मिळायचा. म्हणजे मदत होती. पण लोक जगले ते मुख्यतः कामांवर, खडी फोडून, पाझर तलाव आणि रस्ते बांधून. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. आणि ती कामं आपोआप निघाली नव्हती. मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, विधानसभेत सरकारला रोज उभं केलं, वर्तमानपत्रांनी गावोगावचे हाल छापले. अमर्त्य सेन म्हणतात की चालती लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. त्या म्हणण्याची कसोटी लागली ती इथे. १९४३च्या बंगालमध्ये हिशेब मागणारं कुणी नव्हतं. १९५८ ते ६१च्या चीनमध्ये मागायची सोय नव्हती.

पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना साठच्या दशकातच तासगाव तालुक्यात, विसापूर भागात करून पाहिली गेली होती. दुष्काळानंतर तिचा कायदा झाला, १९७७ साली, दोन्ही सभागृहांत एकमताने. मागेल त्याला काम हा हक्क. पैसा कुठून? १९७५ साली व्यवसाय कर बसवला, शहरातल्या पगारदारांवर. आजही पुण्यात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात महिन्याला दोनशे रुपये "पी.टी." म्हणून कापलेले दिसतात. ते कशासाठी बसवले होते हे हिंजवडीतल्या शंभरांतल्या पाचांनाही माहीत नसेल. परदेशी धान्याचाही आधार घेतलेल्या वर्षातून स्वतःच्या कराने चालणारी योजना निघाली, कारण मधे मतदार होता. योजनेत भ्रष्टाचार झाला का? भरपूर झाला. खोट्या हजेरीपटांवर मी स्वतः अहवाल लिहिले आहेत. पण हजेरीपट खोटा आहे म्हणून बोंब मारायला जागा होती.

आता तुझा दुसरा सहगुणक, लोकशाहीचा शून्य. इथेही टँकरचाच घोळ आहे, फक्त दिशा वेगळी. देश लोकशाहीकडे वळतात ते बहुधा अर्थव्यवस्था कोसळली की. इंडोनेशियात १९९८ साली जीडीपी सुमारे १३ टक्क्यांनी घसरला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुहार्तो गेले. म्हणजे नव्या लोकशाहीच्या गळ्यात जुन्या राजवटीची पडझड बांधली जाते. असेमोग्लू, नायडू, रेस्त्रेपो आणि रॉबिन्सन यांनी २०१९च्या अभ्यासात ही आधीची घसरण धरून हिशेब केला. लोकशाहीकडे वळलेल्या देशांचं दरडोई उत्पन्न पंचवीस वर्षांत, तसं न वळते तर जेवढं असतं त्याहून, सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघालं. वर्षाला एक टक्क्याहूनही कमी. निवडणुकीच्या प्रचारात सांगण्यासारखा चमत्कार नाही, पण शून्यही नाही. याउलट बॅरो यांना १९९६ साली थोडा ऋण परिणाम दिसला होता, हेही लिही. लपवू नकोस.

आणि सरासरी बघून थांबू नकोस, पसारा बघ. हुकूमशाह्यांमध्ये दक्षिण कोरियाही आहे आणि मोबुटूंचा झाईरही (आजचा काँगो). एकाच चीनमध्ये एका पिढीने उपासमार पाहिली आणि पुढच्या पिढीने जगातला वेगवान विकास. जोन्स आणि ओल्केन यांनी २००५ साली पदावर असताना नैसर्गिक कारणाने किंवा अपघातात मरण पावलेल्या नेत्यांचा अभ्यास केला. नेता गेला की हुकूमशाहीत विकासदर बदलतो, लोकशाहीत फारसा नाही. "एक खमक्या माणूस हवा" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की तो खमक्या कुठला निघेल हे आधी कसं कळणार? तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये लोकशाही आणि हुकूमशाही या दोन गटांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) काढायला दोन मिनिटं लागतील. सहगुणकापेक्षा ते जास्त बोलेल.

मदत आणि लोकशाही वेगवेगळ्या रकान्यांत टाकून तू एक गोष्ट गमावतेस. मदतीमुळे सरकार कुणाला उत्तर देतं तेच बदलतं. ज्या सरकारचा निम्मा खर्च करातून येतो त्याला व्यापारी, शेतकरी, पगारदार प्रश्न विचारतात. ज्याचा निम्मा खर्च बाहेरून येतो त्याचा अर्थमंत्री तिमाही अहवाल बाहेर पाठवतो आणि घरच्यांना भाषण देतो. झाईरमध्ये १९७८ साली नाणेनिधीने एर्विन ब्लुमेंथाल यांना मध्यवर्ती बँकेत बसवलं. १९८२ साली त्यांनी लिहून दिलं की धनकोंचे पैसे परत मिळण्याची आशा नाही. तरी पैसा जात राहिला, कारण शीतयुद्धात मोबुटू आपल्या बाजूचे हवे होते. तिथे देणाऱ्यालाच हिशेब नको होता.

उलट बोत्सवाना. १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा सरकारी खर्चाचा मोठा भाग ब्रिटनच्या अनुदानावर चाले. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पण हिरे काँगोतही होते. बोत्सवानात निवडणुका नियमित झाल्या आणि मदत घ्यायची तर राष्ट्रीय नियोजनात बसेल तेवढीच घ्यायची असा अर्थ खात्याचा खाक्या होता. आपल्या आराखड्यात नसलेला प्रकल्प कुणी घेऊन आलं तर ते नको म्हणत. गरीब देशाने नको म्हणणं ही काय चीज असते ते बैठकीत बसल्याशिवाय कळत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांनी ब्रिटनच्या अर्थसंकल्पी अनुदानाची गरज संपवली. (आपणही २००३ साली छोट्या देणाऱ्या देशांना धन्यवाद म्हणून निरोप दिला आणि २००४च्या त्सुनामीत सरकारी परदेशी मदत नाकारली. काहींना तो गर्व वाटला. मला अर्धा गर्व आणि अर्धं शहाणपण वाटलं.)

मदत रोखून लोकशाही येते का? मलावीत १९९२च्या मे महिन्यात देणाऱ्यांनी मानवतावादी सोडून बाकीची मदत थांबवली, १९९३ला सार्वमत झालं, १९९४ला हुकूमशहा बांडा यांची राजवट निवडणुकीत गेली. पण देशातले धर्मगुरू, कामगार आणि विद्यार्थी आधीच उठले होते. बाहेरचा धक्का घरचं दार उघडायला लागलं होतं तेव्हा कामी आला. आणि पुढे २०१३ साली त्याच लोकशाही मलावीत सरकारी तिजोरीतून पैसे लुटल्याचा घोटाळा उघड झाला आणि मदत पुन्हा थांबली. म्हणजे निवडणूक झाली म्हणून हिशेब लागतो असं नाही.

आणि निवडणूक नाही म्हणून हिशेब लागतच नाही, असंही नाही. युगांडाचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देत असे. १९९१ ते ९५ या काळात शाळांना दर विद्यार्थ्यामागे जाणारं सरकारी अनुदान प्रत्यक्ष शाळेत सरासरी १३ टक्केच पोचत होतं. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळेच्या फळ्यावर लावायला सुरुवात केली. २००१पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसे पोचू लागले. सगळं श्रेय वर्तमानपत्राला नाही, त्याच काळात देखरेखीचे इतरही बदल झाले होते. पण त्या वेळी युगांडात बहुपक्षीय निवडणुका नव्हत्या, हे विसरू नकोस. तुझ्या निर्देशांकात ही सुधारणा कुठेच दिसणार नाही.

हेच मी आपल्याकडे, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, परदेशी कर्जावरच्या एका पाणीयोजनेत पाहिलं. दोन शेजारची गावं, तोच निधी, तोच अभियंता, तीच दहा टक्के लोकवर्गणीची अट. एका गावात ग्रामसभेत बायकांनी पाइपाचा दर विचारला, बिलं चावडीवर लावून घेतली. दुसऱ्या गावात वर्गणी ठेकेदारानेच भरून टाकली, लोकांच्या नावावर. त्याला ती पुढे वसूल करायचीच होती, पाइपाच्या जाडीतून. अहवालात दोन्ही गावं "वर्गणी शंभर टक्के पूर्ण" अशीच आली, आणि तो तक्ता मीच तयार केला होता. चार वर्षांनी गेले तेव्हा पहिल्या गावात नळाला पाणी होतं, दुसऱ्या गावात टाकीवर कबुतरं.

परीक्षक दक्षिण कोरिया काढतील, त्याची तयारी ठेव. पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत मदतही होती, जपानकडून १९६५च्या करारात मिळालेला पैसाही होता, ज्यातला काही पोहांगच्या पोलाद कारखान्यात गेला. लोकशाही आली ती १९८७ला. २०१०मध्ये कोरिया मदत देणाऱ्या देशांच्या समितीत दाखल झाला. हे खरं आहे आणि ते माझ्या म्हणण्याला अडचणीचं आहे. तिथे मतदार नव्हता, पण निर्यातीचं लक्ष्य गाठलं नाही तर कारखानदाराचं कर्ज बंद होई. हिशेब मागणारा एकच होता, पण कडक होता. असे किती निघतात? इथिओपियाचंही बघ. २००५च्या निवडणुकीनंतर गोळीबार आणि धरपकड झाली, देणाऱ्यांनी अर्थसंकल्पी मदत थांबवली आणि बराच पैसा वेगळ्या नावाने जिल्ह्यांकडे वळवला. पुढची काही वर्षं अधिकृत वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. २०१९ला थांबलीस तर यशोगाथा. २०२०च्या शेवटी तिग्रेमध्ये युद्ध पेटलं.

आता कामाचं. प्रबंध फेकून देऊ नकोस, तोच तक्ता ठेव, पण तो "सहसंबंध" म्हणून ठेव. मदत हातात पडलेल्या रकमेवर मोज आणि मागच्या पाच वर्षांची घे. देशादेशांतले काळानुसार न बदलणारे फरक (भूगोल, इतिहास) वेगळे काढ. धान्य आणि तातडीची मदत बाजूला ठेवून एकदा चालव. मदत आणि लोकशाही यांचा गुणाकार एक व्हेरिएबल म्हणून घाल, आणि तो टिकला नाही तर तसंच लिही. पन्नास देशांत तो न टिकण्याचीच शक्यता जास्त. लोकशाहीचा निर्देशांक घेताना एकाच संस्थेवर विसंबू नकोस. लोकशाही मोजणाऱ्या व्ही-डेम या संस्थेने २०२१च्या अहवालात भारताला कुठल्या गटात टाकलं आणि त्यावर केवढा वाद झाला ते आठव. दोन निर्देशांक घे आणि उत्तर बदलतं का ते दाखव. १ जुलै २०२५ला अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्था बंद झाली. इतकी मोठी मदत एकदम थांबली, त्यावर पुढची दहा वर्षं पेपर निघतील. तुझ्या आकडेवारीत ते येणार नाही, पण शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद त्यावर असू दे.

मार्गदर्शकांशी भांडू नकोस. त्यांना टँकरचं उदाहरण सांग. ते सोलापूरकडचे असले तर लगेच पटेल.

आणि गोखले संस्थेच्या ग्रंथालयात जा. पी.एल. ४८०चा भारतीय अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला यावर नीलकंठ रथ आणि व्ही. एस. पटवर्धन यांचा १९६७चा अभ्यास तिथेच झाला आणि संस्थेनेच छापला. हाताने हिशेब करायच्या काळातला आहे. तक्ते बघताना त्यांनी धान्याचा भाव, साठा आणि रुपयांचं खातं वेगवेगळं कसं मांडलंय ते उतरवून घे. शनिवारी दुपारी जाऊ नकोस, आधी फोन करून वेळ विचार.